चौसष्टाव्या पानानंतर

त्या पत्राला त्यानं उत्तर दिलं नव्हतं. सव्वीस वर्षं झाली, पण पत्र त्याला तोंडपाठ होतं. स्वतःची कविता वाचताना कागद लागायचा. या पत्राला लागत नसे.

‘सप्रेम नमस्कार. आपण माझ्या संग्रहाचे परीक्षण लिहिलेत, त्याबद्दल आभार. शेवटची दीर्घकविता मी अर्ध्यावर सोडून दिली आहे आणि मला शेवटाची भीती वाटते, असे आपण म्हटले आहे. ती कविता एकोणऐंशीव्या पानावर संपते. तो शेवट आपण वाचलात का, एवढेच विचारायचे आहे. वाचूनही अर्धवट वाटली असेल तर तसे कळवावे. मी वाईट वाटून घेणार नाही. पुन्हा लिहिणार नाही, इतकेच. सोबत तिकीट लावलेले पाकीट ठेवले आहे.’

पाकिटावर तिनं स्वतःचाच पत्ता लिहून दिला होता. अक्षर गोल, ठसठशीत. रुग्णाच्या तक्त्यावर औषधांच्या वेळा लिहितात तसं. ती इस्पितळात परिचारिका होती, असं संग्रहाच्या मलपृष्ठावर छापलं होतं.

तो त्या वेळी एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. दिवसभर लोकांच्या लिहिण्यातले काने-मात्रे तपासायचे आणि संध्याकाळी एका मासिकासाठी कवितासंग्रहांची परीक्षणं लिहायची. अंगानं किरकोळ, स्वभावानं भिडस्त. चारचौघांत बोलायची वेळ आली की पाचावर धारण बसायची, पण हातात लेखणी आली की हाच माणूस भलताच शूर व्हायचा. ‘या कवयित्रीला शेवटाची भीती वाटते’ हे वाक्य सुचलं तेव्हा तो खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारून आला होता. संपादकांनी ते चौकटीत छापलं. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “छान आहे. पण खरं आहे का?”

पत्र आलं तेव्हा त्यानं संग्रह पुन्हा उघडला. पान चौसष्ट. वाक्य अर्ध्यात. त्यापुढे थेट मलपृष्ठ. पहिल्या पानावर जांभळा शिक्का होता, ‘अभिप्रायार्थ’. 

तो शिक्का कुठल्या प्रतींवर मारतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? संग्रह त्याच्याच छापखान्यात छापला होता. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. छपाई संपता संपता एखादा फर्मा कमी पडतो, आणि पाच-सात प्रती सोळा पानांनी अपुऱ्या राहतात. त्या टाकायच्या जिवावर येतं, म्हणून मालक वर वेष्टण चढवून त्या मासिकांकडे पाठवायचे. “परीक्षक पुस्तक वाचतात की चाळतात? चाळायला चार फर्मे पुष्कळ झाले,” असं म्हणून ते हसायचे, आणि तोही हसायचा. प्रुफं त्या बाईंनी स्वतःच तपासली होती, त्यामुळे पुस्तक त्याच्या टेबलावरून गेलंच नव्हतं. पण चार फर्म्यांनंतर पाचवा नाही, हे पुस्तकाची कड पाहूनसुद्धा कळायला हवं होतं. ज्याचा जन्म चुका शोधण्यात गेला, त्यानं ही चूक पाहिलीच नाही.

उत्तर आज लिहू, उद्या लिहू करत महिना गेला. मग, आता महिन्यानंतर काय लिहायचं, असं म्हणत वर्ष गेलं. खरं लिहावं तर मालकांची पोल उघडी पडणार, नोकरी जाणार. खोटं लिहावं तर हात उठेना. त्यानं परीक्षणं लिहायचं सोडलं, एवढं मात्र केलं. त्यानंतर हाती येईल त्या मासिकाच्या अनुक्रमणिकेत तो तिचं नाव शोधायचा. ते कुठेच दिसलं नाही.

आता तो त्र्याहत्तर वर्षांचा होता आणि त्याच्या गळ्यात गाठ होती.

“गाठ काढावीच लागेल,” डॉक्टर म्हणाले होते. “आवाज राहीलच असं सांगता येत नाही. तोवर जपून वापरा.”

ऑपरेशनला तीन आठवडे होते. लेक कागदपत्रांच्या, रजेच्या मागे लागली. जावयानं खोलीत बेल बसवून दिली, पुढे हाक मारता आली नाही तर असावी म्हणून. आणि हा मात्र टेबलाच्या खणातून अकरा पानं काढून बसला. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. ती गेल्यावर त्यानं एकच कविता लिहिली होती, पण ती अकरा पानं चालली. जन्मभर त्याच्या कवितेला एकच श्रोता होता. ती भाजी निवडत ऐकायची आणि तो थांबला की मान वर न करता म्हणायची, “पुढे?” तेवढ्या एका शब्दावर त्यानं पन्नास वर्षं कविता लिहिली. आता ही कविता तिच्याबद्दलच होती आणि ‘पुढे?’ म्हणायला ती नव्हती. आवाज जायच्या आत ती एकदा, एकदाच, कुणासमोर तरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायची, एवढंच त्याचं मागणं होतं. जो कधी वाढदिवसाला दोन शब्द बोलला नाही, त्याला या वयात ही अवदसा आठवली.

लेकीला ऐकवावी तर तिच्या आईचं आजारपण त्यात होतं. पहिल्याच पानावर ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

एका काव्यस्पर्धेला त्यानं कविता आधीच पाठवली होती. नियम होता, चाळीस ओळी. त्यानं काळजावर दगड ठेवून अकरा पानांच्या चाळीस ओळी केल्या. निकालाचं टपाल याच सुमारास आलं: उत्तेजनार्थ प्रमाणपत्र.

“बाबा, तुम्ही ‘नवोदित कवी’ आहात!” लेक प्रमाणपत्र वाचत म्हणाली. “अभिनंदन. दुधाचे दात आलेत का बघू.”

तो हसला. हसताना घशात काटा टोचल्यासारखं झालं.

मग लेकीनंच सांगितलं की तिच्या ऑफिसजवळ एका कॉफीच्या दुकानाच्या माडीवर दर शनिवारी ओपन माइक असतं. कुणीही जावं, नाव लिहावं, कविता म्हणावी. पहिल्या शनिवारी तो तासभर आधी जाऊन दाराशी उभा राहिला. माडीवर तीसेक खुर्च्या, एक माइक, आणि फोन हातात धरलेला सूत्रसंचालक. वहीत त्याचं नाव अकरावं लागलं. आधीच्या पोरापोरींनी ब्रेकअपवर, घरभाड्यावर, स्वतःच्या नाकावर कविता म्हटल्या. लोक खदखदून हसले. त्याचे तळवे घामानं असे भिजले की पहिल्या पानाची शाई अंगठ्याला लागली.

“आता आपल्यात आहेत एक आजोबा! जोरदार टाळ्या!”

तो वाचू लागला. तिसऱ्या पानावर, बायको इस्पितळात चष्मा मागते तिथं, सूत्रसंचालकाच्या फोनमधून कोंबडा आरवला.

“वेळ संपली, आजोबा. पाच मिनिटं. सगळ्यांना सारखाच नियम हं.”

“पण अजून... आठ पानं आहेत.”

“आठ?” सूत्रसंचालकानं लोकांकडे पाहिलं. “आजोबा कादंबरी घेऊन आलेत!”

टाळ्या मिळाल्या. खूप मिळाल्या. त्या वाजत असतानाच तो जिन्यावर पोचला होता.

दुसऱ्या शनिवारी त्यानं सूत्रसंचालकाला जिन्यातच गाठलं. जन्मात कुणापुढे हात पसरले नव्हते, इथे पसरले.

“मला वीस मिनिटं द्या. एकदाच. हवं तर सगळ्यात शेवटी द्या.”

“काका, शेवटी कुणी थांबत नाही.”

“नाही थांबलं तरी चालेल. तुम्ही थांबाल ना?”

पोरगा बिचारा वाईट नव्हता. डोकं खाजवून म्हणाला, “सात देतो. कुणाला सांगू नका.”

सात मिनिटांत अकरा पानं बसवायची म्हणून त्यानं वाचनाची गाडी भरधाव सोडली. शब्दावर शब्द आदळायला लागले. पाचव्या पानाच्या मध्यावर आवाज चिरकला, सहाव्यावर बसला, आणि मग नुसती हवा यायला लागली. तो ओठ हलवत राहिला. कुणाला तरी वाटलं माइक बिघडला. उठून तारही हलवून पाहिली. मागून एक जण म्हणाला, “म्यूट झालेत काका.” हसू फुटलं, दाबलं गेलं, पुन्हा फुटलं. त्यानं पानं गोळा केली आणि खुर्च्यांना धडकत बाहेर आला. रस्त्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून तो पानांचा क्रम लावत होता, पण सातवं पान काही सापडेना. ते त्याच्या हातातच होतं.

दोन दिवसांनी आवाज थोडा परतला. सोमवारी लेक फोन घेऊन आली. “त्या कार्यक्रमाच्या पेजवर कुणीतरी सगळ्यांचं परीक्षण लिहिलंय. तुमचंही आहे. नको पण वाचायला.”

“वाच.”

“ ‘काकांचा आवाज खरखरीत, भारी. पण कवितेला शेवटच नाही. अर्ध्यात सोडून द्यायची फॅशन आता जुनी झाली.’ ” तिनं फोन पालथा ठेवला. “मूर्ख आहे कुणीतरी.”

 ‘अर्ध्या वाक्यावर कविता सोडून देण्याची फॅशन’ हे शब्द त्यानं स्वतः लिहिले होते, चौकटीतल्या वाक्याच्या वरच्याच परिच्छेदात. लिहिणारे बदलतात, परीक्षणातली वाक्यं पिढ्यान्‌पिढ्या तीच.

“मला त्याला लिहायचंय,” तो म्हणाला. “कवितेला शेवट आहे म्हणून. त्यानं तो ऐकला नाही, एवढंच.”

“जाऊ द्या हो बाबा. असल्या गोष्टींना उत्तर द्यायचं नसतं.”

तो तिच्याकडे बघत राहिला. इतका वेळ की ती घाबरली. “काय झालं? दुखतंय का?”

“द्यायचं असतं गं,” तो म्हणाला. “द्यायचं असतं.”

बुधवारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी, तो बाइंडरकडे गेला.

बाइंडर त्याच्याच छापखान्यातला. तीस वर्षं फर्मे शिवले, आता मुलाच्या झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत राहायचा. एका कानानं ऐकू येत नसे. बोटांच्या पेरांवर सरसाचे पिवळे डाग अजून होते.

“अरे अनुस्वारा! जिवंत आहेस?” छापखान्यात त्याला हेच नाव होतं, एवढासा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, नुसता डोक्यावरचा ठिपका.

“उद्यापर्यंत आहे,” तो म्हणाला. “मला एक पुस्तक हवंय. तू शिवलेलं.”

बाइंडरला एक खोड होती. शिवलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक चांगली प्रत तो घरी न्यायचा. वाचायला नव्हे, पाचवीतच शाळा सुटली होती. शिवण बघायला. भिंतीलगत दोन लोखंडी कपाटं भरली होती. पुस्तकाचं नाव सांगून उपयोग नव्हता, म्हणून त्यानं सांगितलं, “पातळ. पाच फर्मे. राखाडी वेष्टण. ती नर्सबाई.”

“जिच्या अभिप्रायाच्या प्रती चार फर्म्यांच्या गेल्या ती?”

त्यानं खाली बघितलं. “तुला आठवतं?”

“म्हणजे काय! मीच चिकटवल्या ना. बाई नंतर छापखान्यात आली होती. मालक नव्हते. मला विचारलं, मासिकाकडे कुठली प्रत गेली? मी म्हटलं, मला काय माहीत बाई, मी शिवणारा माणूस.” बाइंडर कपाटाशी वाकून बोलत होता. “तू तेव्हा आत टेबलावर होतास. तिनं काचेतून बघितलं तुझ्याकडे. पण ओळखत नव्हती ना तुला.”

हे त्याला ठाऊक नव्हतं. तो स्टुलावर बसला.

बाइंडरनं पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं आधी कड पाहिली. पाच फर्मे. मग पान सत्तावन्न उघडलं, जिथे ती कविता सुरू होत होती.

“मनात काय वाचतोस?” बाइंडर समोर खाट ओढून बसला, चांगला कान पुढे करून. “जन्मभर शिवलं, आत काय होतं कुणी सांगितलं नाही. मोठ्यानं वाच.”

“आवाज जपायला सांगितलाय. उद्या गळ्याचं ऑपरेशन आहे, राहील न राहील.”

“उद्यासाठी जपतोस? उद्या तर तो घेणारच आहेत.”

त्यानं खिशाला हात लावला. खिशात त्याची स्वतःची अकरा पानं होती. इथे माणूस होता, वेळ होता, कोंबडा आरवणारा फोन नव्हता. आवाज एकाच कवितेपुरता होता, आणि हे त्याला कळत होतं. त्यानं हात खिशातून बाहेर काढला आणि तिची कविता वाचायला सुरुवात केली.

कविता तिच्या वडिलांवर होती. त्यांना झटका येऊन वाचा गेलेली. मुलगी ड्यूटीवरून येते, त्यांना भरवते, पुसते, आणि सारखी विचारते: दुखतं का, भूक आहे का, मी कोण आहे सांगा. पानामागून पानं ती विचारतेच. सव्वीस वर्षांपूर्वी हे त्याला कंटाळवाणं वाटलं होतं. चौसष्टाव्या पानाशी, त्या अर्ध्या वाक्याशी, तो थांबला. पान उलटायला बोट पुढे होईना.

“पुढे?” बाइंडर म्हणाला.

त्यानं झटकन मान वर केली. बाइंडर खाली बघून सरसाचे डाग खरवडत होता.

त्यानं पान उलटलं. आवाज फाटत होता, मधेच जात होता, पाणी प्यायलं की परत येत होता. पंचाहत्तराव्या पानावर नुसती कुजबुज उरली. बाइंडर उठून त्याच्या गुडघ्याशी येऊन बसला. एकोणऐंशीव्या पानावर चारच ओळी होत्या.

*आता मी विचारणार नाही, बाबा.*
*तुमचं बोलणं संपलंय, ऐकणं नाही.*
*दिवा राहू दे. मीही बसते इथेच,*
*गप्प.*

खाली कोरी जागा.

बाइंडरनं वाकून ती कोरी जागा बोटानं चाचपली. मग म्हणाला, “संपली?”

त्यानं मान हलवली.

“संपली खरी. बाई बरोबर होती.” त्यानं नाक पुसलं. “खिशात काय आहे मघापासून? तुझी कविता? वाच आता तीही. मी आहे.”

त्यानं पानं काढली. तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं. आवाज आला नाही. पुन्हा करून बघितलं. मग पानं मांडीवर ठेवून तो तसाच बसला, आणि बाइंडरही बसला. दुकानातलं मशीन भिंतीपलीकडे घरघरत होतं.

“राहू दे,” बाइंडर शेवटी म्हणाला. “मला चष्मा लावून, एकेक अक्षर जुळवत, महिना लागेल. पण सुटी पानं हरवतात. ठेव, मी शिवतो.”

त्यानं पानं दिली. मग शर्टाच्या आतून ते जुनं पाकीट काढलं, बाइंडरच्या टेबलाशी बसला आणि लिहू लागला. परीक्षण लिहिताना सुचायची तशी वाक्यं सुचत होती. ती त्यानं येऊ दिली नाहीत.

‘सप्रेम नमस्कार. आपण विचारले होते, तो शेवट मी वाचला का. नाही. माझ्या प्रतीत शेवटची सोळा पाने नव्हती, आणि ती नाहीत हे मी पाहिले नाही. आपले पत्र आले त्याच दिवशी मला ते कळले होते. तरी मी गप्प बसलो. छापखान्यात काचेमागे बसलेला माणूस मीच. आज मी ती कविता मोठ्याने वाचली. ती एकोणऐंशीव्या पानावर संपते. ती पूर्ण आहे. मी जे लिहिले ते खोटे होते. आपण लिहायचे थांबवले असेल, तर ते माझ्यामुळे. क्षमा मागण्याचा अधिकार मला नाही. पण शेवटाची भीती आपल्याला नव्हती, मला होती.’

त्यानं सही केली. शेवटचं वाक्य जरा सजवल्यासारखं वाटलं. ते खोडून त्यानं नुसतं ‘क्षमा असावी’ लिहिलं.

“बाई असेल का त्या पत्त्यावर?” बाइंडरनं विचारलं.

त्यानं खांदे उडवले.

“आणि आता कुठेच नसली, तर?”

त्यानं बाइंडरच्या सरसानं पाकीट चिकटवलं.

टपाल कचेरीत खिडकीमागच्या बाईंनी पाकीट उलटंसुलटं केलं. “अहो, हे तिकीट केव्हाचं? माझ्या शाळेच्या वेळचं दिसतंय. वर आणखी लावावी लागतील. रजिस्टर करायचंय का?”

त्यानं गळ्याकडे बोट दाखवलं.

“बोलता येत नाही? बरं, बरं.” त्या उगाच मोठ्यानं बोलायला लागल्या. “साधंच घालू? मग तिकडे पेटीत टाका. पावणेसहाला नेतात!”

जुन्या तिकिटाशेजारी त्यानं नवी तीन लावली, एकाच्या कडेला एक, सरळ रेषेत. पत्ता पुन्हा एकदा वाचला, प्रुफ वाचावं तसा, अक्षरावर बोट ठेवून. घड्याळात साडेपाच झाले होते. पेटीच्या तोंडाशी त्याचा हात अडकल्यासारखा थांबला. मागे उभ्या असलेल्या माणसानं घसा खाकरला.

त्यानं पाकीट सोडलं.